वृद्धाश्रमातील मुंग्या, झुरळे आणि फवारा

घरात झुरळांचे औषध फवारले की आपण खोली बंद करून काही तास बाहेर जातो. वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेल्या आजींनी कुठे जावे? त्यांचे जेवण, झोप, औषधपाणी सारे त्याच खोलीत. म्हणून अशा ठिकाणी कीडनियंत्रणाचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागतो. कीड राहू द्यावी असे मात्र नाही. झुरळांच्या विष्ठेच्या व कातीच्या सूक्ष्म कणांनी दमा बळावतो, तर मुंग्या जखमेच्या पट्टीपर्यंतही पोचतात.

आता फवाऱ्याचे काम पाहू. चेतापेशीकडून पुढे संदेश पोचवणाऱ्या रसायनांपैकी एक म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. संदेश पोचताच कोलिनेस्टरेज हे विकर त्याचे विघटन करते. ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट गटांतील कीटकनाशके नेमके हे विकरच अडवतात. संदेश थांबत नाही आणि कीटक आचके देऊन मरतो.

पण हे विकर माणसातही आहे! विषबाधा झाल्यास लाळ सुटते, नाडी मंदावते, श्वासनलिका आकसतात. स्मृतिभ्रंशावरचे डोनेपेझिल हे औषधही नियंत्रित मात्रेत हेच विकर अडवते. ते घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात असे कीटकनाशक गेले, तर दोन्ही परिणामांची बेरीज होऊ शकते. शिवाय ‘मला गुदमरते आहे’ हे सांगणेही त्यालाच सर्वांत अवघड. या गटातील डायक्लोरव्हॉसवर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. त्याऐवजी वापरली जाणारी पायरेथ्रॉइडे माणसाला कमी विषारी असली, तरी दमेकऱ्याला त्यांचा त्रास होऊ शकतो.

एवढा धोका पत्करून कीड तरी जाते का? फेरो मुंगीचे उदाहरण घ्या. जेमतेम २ मिलिमीटर लांबीची ही पिवळसर मुंगी जगभर रुग्णालयांत व शुश्रूषागृहांत आढळते. तिच्या वारुळात अनेक राण्या असतात आणि बाहेर दिसतात त्या थोड्याच कामकरी मुंग्या. फवारा मारला की उरलेल्या मुंग्या अंडी व अळ्या घेऊन पांगतात आणि नवी वारुळे थाटतात. एकाची चार व्हायला वेळ लागत नाही.

उपाय आमिषाचा. अन्नात अत्यल्प, सावकाश काम करणारे विष मिसळून ते मुंग्यांच्या वाटेवर ठेवतात. कामकरी मुंग्या ते आत नेऊन राण्यांना व अळ्यांना भरवतात. झुरळांसाठीही फटींत ठेवायचे जेल मिळते. हवेत काहीच उडत नाही. मात्र आमिष बंद डबीत व हाताला न लागेल असे ठेवावे, कारण स्मृतिभ्रंशाचा रुग्ण ते खाऊही शकतो. त्याआधी फटी बुजवणे, गळके नळ दुरुस्त करणे व खरकटे रात्री न ठेवणे हे करायलाच हवे. चिकट सापळ्यांत दर आठवड्याला किती झुरळे सापडली ते मोजले, म्हणजे कीड वाढते की घटते हेही कळते.

शिक्षकांनी वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा : आमिषातील विष झटपट मारणारे असते, तर राणी मेली असती का?