शाहिराच्या शब्दांचे दाम

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीलगत एखाद्या हॉटेलात ध्वनिमुद्रित भीमगीत वाजले, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मालकाला परवाना लागतो. लग्नाच्या वरातीला सूट आहे; धंद्याला नाही. कॅसेट विकत घेतल्याने ती गिऱ्हाइकांपुढे वाजवण्याचा हक्क मिळत नाही.

गाण्यात हक्क वेगवेगळे असतात. ध्वनिमुद्रण बहुधा कंपनीचे. शब्द आणि चाल मुळात कवीची व संगीतकाराची. त्यांच्यासाठी रॉयल्टी गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे.

आमच्या घरात करारनामा वाचू शकणारा मी पहिलाच. म्हणून वस्तीतले गाणारे मला विचारतात, ‘सर, गाणं तर एकदाच विकलं ना?’ उत्तर २०१२ च्या दुरुस्तीत आहे. गाणे विकले तरी रॉयल्टीतला समान वाटा कवीला सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा अशा संस्थेला देता येतो. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिओ केंद्रांविरुद्धच्या दाव्यात कवी-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क मान्य केला.

कवीच्या मृत्यूनंतर हक्क साठ वर्षे टिकतो. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरील हक्काची मुदत २०६४ अखेर संपेल. पण संस्थेत नाव आणि गाणे नोंदलेले नसेल, तर पैसा कवीच्या दारापर्यंत येणार कसा?

कार्यकर्त्यांनी शाहिराला शाल पांघरावी, पण आधी त्याच्या गाण्यांची यादी करावी, करार वाचून दाखवावा, नोंदणीचा अर्ज भरून द्यावा. शब्द हेही श्रमच आहेत, आणि श्रमाचे दाम मागणे बाबासाहेबांनीच आपल्याला शिकवले.