युद्ध संपतं, मग तळाला कुलूप कोण लावतं?

चँडलरहून गेटवे विमानतळावर आपण नेहमी जातो. 1941 पासून 1993 पर्यंत तिथे हवाई दलाचा विल्यम्स तळ होता. अमेरिकी हवाई दलाच्या पहिल्या महिला वैमानिक 1977 मध्ये इथेच तयार झाल्या. असा तळ बंद का झाला?

उत्तर युरोपात सापडतं. शीतयुद्ध संपलं तेव्हा तिथे अमेरिकेचे 3 लाखांहून अधिक सैनिक होते. काही वर्षांत ते 1 लाखाच्या आसपास आले. जर्मनीत स्टुटगार्टला मुख्यालय असलेली सातवी कोअर 1991 च्या आखाती युद्धात लढली आणि 1992 मध्ये विसर्जित झाली. परदेशातली फौज घटली, नव्या वैमानिकांची गरज घटली, तशी प्रशिक्षण तळांवरही कात्री आली.

पण कोणता तळ बंद करायचा? प्रत्येक लोकप्रतिनिधी म्हणणार, ‘माझा नको.’ म्हणून 1990 च्या कायद्याने स्वतंत्र आयोग नेमला. त्याची यादी सगळी स्वीकारायची, नाहीतर सगळी फेटाळायची. एखादंच नाव वगळायची सोय नाही. 1991 च्या यादीत विल्यम्स होता.

आमच्या आयटीत जुनी सिस्टीम बंद करताना वापरणारे आधी जातात, सांभाळणारे शेवटी. तळाचंही तसंच. वैमानिक दुसरीकडे जातात. मागे सामानाची मोजदाद, कंत्राटं मिटवणं, जमीन सोपवणं उरतं. म्हणून सैनिक निम्मे झाले तरी मुख्यालयातली माणसं लगेच निम्मी होत नाहीत. त्यांना घाईने काढलं, तर मागचा हिशेब कोण पुरा करणार?

विल्यम्सच्या जागेचे वारसदार लवकर मिळाले. 1994 मध्ये नागरी विमानतळ सुरू झाला, 1996 मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचा कॅम्पस. मात्र तळावरच्या नागरी कर्मचाऱ्यांची नोकरी गेली, आसपासच्या निवृत्त सैनिकांचं हक्काचं हॉस्पिटल गेलं. जमिनीत आणि भूजलात मुरलेलं विमानाचं इंधन काढायचं काम तर तळ बंद झाल्यावर तीस वर्षांनीही हवाई दलाच्या गळ्यात होतं.

तेव्हा ‘सैन्य परत येतंय’ ही बातमी ऐकाल, तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारा: जागा कोणाला मिळणार, कामगारांचं काय होणार आणि सफाईचा खर्च कोण देणार? सैनिक निघतात ती तारीख पेपरात छापून येते. या तीन गोष्टी पुऱ्या कधी होणार, ते मात्र आपल्यालाच विचारावं लागतं.