हरितगृहाची हिवाळ्यांतील निगा

मार्गशीर्ष लागला कीं निफाडच्या बाजूस पारा कधीं कधीं ५ अंशांच्याही खालीं उतरतो. हरितगृह उभारलें म्हणजे थंडीची काळजी मिटली, असा समज असतो. माझाही होता, पीकपाहणीच्या नोंदी करण्यांत नोकरी गेली, पण स्वतःच्या पिकाची पाहणी अशी कधीं केली नव्हती.

पहिल्या हिवाळ्यांत भीतीपोटीं मीं गुलाबाच्या घराचे पडदे दुपारपर्यंत बंद ठेवले. आंत दमट हवा कोंडली, छताच्या कागदावरून थेंब टपकूं लागले आणि कळ्यांवर करडी बुरशी चढली. नाताळच्या बाजाराचा माल उकिरड्यावर गेला. त्या पैशांवर कर्जाचा हप्ता अवलंबून होता!

तेव्हां शेतकरी बंधूंनीं पडदे सूर्यास्तापूर्वीं लावावे, म्हणजे दिवसाची ऊब कांहीं वेळ टिकते. आणि सकाळीं ऊन चढूं लागतांच ते उघडून ओल बाहेर घालवावी. पाणी सकाळींच, ठिबकनें द्यावें. पानें भिजवूं नयेत. रोगट कळ्या वेंचून दूर पुराव्या. धुळीनें मळलेला कागद धुवावा, कारण या दिवसांत ऊन आधींच कमी.

साधा कागद निरभ्र रात्रीं ऊब फारशी धरून ठेवीत नाहीं. म्हणून यंदा उष्णतामापक दाराजवळून काढून झाडांच्या उंचीवर टांगला आहे. पहांटे उठून आंकडा वहींत टिपतों, जुनी संवय.