खडकावरचे अनोळखी रहिवासी

प्रवाळांचे मत्स्यालय म्हणजे काचेच्या पेटीत आणून ठेवलेला समुद्राचा एक लहानसा तुकडाच होय. त्यात खारे पाणी असते, वर दिव्यांचा प्रकाश असतो आणि तळाशी चुन्याचे सच्छिद्र खडक रचलेले असतात. हे खडक उष्ण समुद्रांतील असून मृत प्रवाळांच्या सांगाड्यांपासून बनलेले असतात. तरीही त्यांना ‘जिवंत खडक’ असे म्हणतात. कारण त्यांच्या छिद्राछिद्रांतून असंख्य सूक्ष्म जंतूंची वस्ती असते आणि माशांच्या मलमूत्रातून निर्माण होणाऱ्या अपायकारक द्रव्यांचे रूपांतर करून ते पाणी राहण्याजोगे ठेवतात.

नवा खडक पेटीत ठेवला, की प्रथम तो ओसाड दिसतो. काही आठवडे लोटल्यावर मात्र त्याच्यावर कोठे जांभळा डाग, कोठे तपकिरी फूल, तर कोठे पांढऱ्या नळीचे वेटोळे दिसू लागते. मालकाने यांपैकी काहीच विकत आणलेले नसते. एखाद्या फटीत दडून हे पाहुणे खडकाबरोबर न बोलावता आलेले असतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात, काही तर उपयोगीही असतात. परंतु एखादा सगळी पेटी बळकावणारा निघतो आणि एखादा मालकाच्याच जिवावर उठतो. म्हणून पाहुणा कोण, हे ओळखणे भाग पडते.

ओळखू पाहावे, तर वनस्पती कोणती आणि प्राणी कोणता, येथूनच अडचण सुरू होते. ही अडचण फार जुनी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी मार्सिली नावाच्या इटालियन विद्वानास तांबड्या पोवळ्याच्या फांद्यांवर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमललेली दिसली. ज्याला फुले येतात ती वनस्पती, असे त्याने अनुमान केले आणि ते सर्वांस पटले. पुढे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने पोवळे समुद्राच्या पाण्यात जिवंत ठेवून त्याचे निरीक्षण केले. स्पर्श होताच ती ‘फुले’ आत ओढली जात आणि सर्व शांत झाले, की पुन्हा बाहेर येत. फुले अशी वागत नाहीत. तेव्हा हे प्राणीच आहेत, असे त्याने सांगितले. १७२७ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे हा विचार मांडला गेला, तेव्हा तो इतका विपरीत वाटला, की तो मांडणाऱ्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने पेसोनेलची अप्रतिष्ठा होऊ नये म्हणून त्याचे नावच उघड केले नाही! इतरांच्या निरीक्षणांनी पेसोनेलचे म्हणणे खरे ठरले, तेव्हा १७४२ मध्ये रेओम्यूरनेच ते जाहीरपणे मान्य केले.

मत्स्यालयाच्या खडकापुढेही पेसोनेलचीच रीत उपयोगी पडते. शंभर चित्रे चाळण्यापेक्षा पेटीसमोर तासभर स्वस्थ बसावे आणि तो जीव काय करतो, ते पाहावे. रंग सांडून वाळल्यासारखा दिसणारा गुलाबी-जांभळा कठीण थर कितीही वेळ पाहिला तरी हलत नाही. तो प्रकाशावर वाढतो. ते चुना साठवणारे शेवाळ होय. पांढऱ्या चिमुकल्या वेटोळ्यातून नाजूक पिसारा बाहेर येतो आणि हाताची सावली पडताच क्षणात नाहीसा होतो. तो नळीत राहणारा कृमी. खडकाच्या अंधाऱ्या बाजूस वाढणारा मऊ गोळा मात्र परीक्षकास चकवतो. त्याला तोंड नाही, हालचाल नाही. परंतु त्याच्याजवळ अन्नाचे बारीक कण सोडले, तर मोठ्या छिद्रातून निघणाऱ्या पाण्याच्या प्रवाहात ते उडताना दिसतात. तो स्पंज, म्हणजे प्राणीच. काही रहिवासी केवळ रात्री बाहेर पडतात. विजेरीवर तांबडा कागद लावून पाहिले, तर उरलेले अन्न वेचणारे केसाळ कृमी फिरताना आढळतात. ते पेटी स्वच्छ ठेवतात. मात्र त्यांचे केस काचेच्या कुसळांसारखे बोटात रुततात.

खरा प्रश्न पडतो तो फुलासारख्या प्राण्यांपाशी. तळाशी चुन्याची कठीण वाटी असेल, तर तो प्रवाळ. वाटी नसून एकेकटा, मऊ देठाचा जीव असेल, तर ते समुद्रफूल. एप्टेशिया नावाचे तपकिरी समुद्रफूल दिसावयास सुंदर असते. पण त्याच्या धाग्यासारख्या हातांचा दंश शेजारच्या प्रवाळांना सोसत नाही. ते नकोसे झाले म्हणून कोणी चिरडले, तर त्याच्या पायाच्या उरलेल्या कणांपासून नवी समुद्रफुले उगवतात आणि एकाची दहा होतात. ओळख न पटवता केलेला इलाज असा उलटतो. काही जातींच्या कोळंब्या मात्र ते आवडीने खातात.

पुष्कळ चकत्या एकाच मऊ गादीवर दाटीने बसलेल्या असतील, चुन्याची वाटी नसेल आणि कडेला धाग्यांची दुहेरी झालर असेल, तर तो झोअँथिड होय. त्यातील पॅलिथोआ हा प्रकार आपल्या अंगात वाळूचे कणही रुतवून घेतो. याच्याशी खेळ करू नये. हवाई बेटांपैकी मावी बेटावर हाना गावाजवळच्या एका डबक्यात ‘लिमू माके ओ हाना’, म्हणजे ‘हानाचे मरणशेवाळ’, असे असे. भाल्याच्या टोकाला ते चोळले, की लहानशी जखमही प्राणघातक होते, असे तेथील लोक सांगत. शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा ते शेवाळ नसून पॅलिथोआ असल्याचे आढळले. मूर आणि शॉयर यांनी त्यातील विष वेगळे काढून १९७१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या विषास पॅलिटॉक्सिन म्हणतात आणि ज्ञात विषांपैकी अत्यंत जहाल विषांत त्याची गणना होते.

सर्वच झोअँथिड सारखे विषारी नसतात; पण नुसत्या पाहण्याने विषारी कोणता, हे सांगता येत नाही. नको असलेला झोअँथिड काढून टाकण्यासाठी खडक उकळणे किंवा ब्रशाने घासणे हा तर सर्वांत वाईट उपाय. वाफेबरोबर उडणाऱ्या तुषारांतून विष श्वासात जाते. खोकला, धाप, ताप आणि स्नायूंच्या वेदना सुरू होतात. डोळ्यांत उडाल्यास डोळ्यांना इजा होते. अमेरिकेतील अलास्का राज्यात २०१२ ते २०१४ या काळात मत्स्यालयाच्या दुकानांत व घरांत झोअँथिड हाताळल्यामुळे माणसे अशी आजारी पडल्याची नोंद आहे. म्हणून जाणते लोक हातमोजे व चष्मा घातल्यावाचून खडकास हात लावत नाहीत, आणि खडक कधीही उकळत नाहीत.

झोअँथिड पाहण्यासाठी मत्स्यालयच हवे, असे नाही. ओहोटीच्या वेळी मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही त्यांच्या गाद्या आढळतात. पाणी ओसरल्यावर मिटलेल्या त्या गाद्या खडकावर पसरलेल्या ओल्या गोणपाटासारख्या दिसतात आणि जाणारा-येणारा त्यांना शेवाळ समजतो. शेजारच्या डबक्यात मात्र त्याच चकत्या पाण्याखाली उमललेल्या असतात, आणि बोटाची सावली पडताच त्यांची झालर आत वळते.