पद्मिनीची बोली

नागावला आमच्या वाडीत, झापांच्या शेडखाली, एक पद्मिनी उभी होती. दचकू नका, प्रीमियर पद्मिनी! १९८४चं मॉडेल, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर. आजोबांनी घेतलेली. दर रविवारी बाबा ती सुरू करणार, पाच मिनिटं कान देऊन ऐकणार, बंद करणार. बस्स. मी मुंबईत, भाऊ पुण्यात. गेल्या दिवाळीत मी विषय काढला, "बाबा, विकूया."

"भंगारवाला मागतोय कधीचा," बाबा म्हणाले. "त्याला देण्यापेक्षा समुद्रात ढकलीन."

मग उरला ऑनलाइन लिलाव. हा फंडा आपल्याकडे नवा नाही. २००० साली बाझी डॉट कॉम आली, २००४ मध्ये ती ईबेने घेतली, आणि २०१८ मध्ये ईबेचं भारतातलं ते दुकानही बंद झालं. त्याच वर्षी मुंबईच्या अस्टागुरूने व्हिंटेज गाड्यांचा ऑनलाइन लिलाव केला. अर्थात तिथे रोल्स-रॉइस वगैरे मंडळी! आमच्या पद्मिनीसाठी मी एक साधीशी साइट शोधली.

पहिल्या फेरीत सॉलिड आपटलो. पॉलिश मारलं, किनाऱ्यावर सूर्यास्तात झकास फोटो काढले, वर ठोकून दिलं 'व्हिंटेज'. २०२१च्या केंद्राच्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी गाडी, हे मला ठाऊकच नव्हतं. बोली राखीव किमतीच्या निम्म्यावरही पोचली नाही. एकाने फक्त विचारलं, 'गाडी समुद्राकाठची आहे ना? मग खालचे फोटो कुठे आहेत?'

तोच तर मुद्दा होता! खाऱ्या हवेत पत्रा आतून खातो. वरून रंग चकाचक, आणि दाराची खालची कड, पायाखालचा पत्रा, बॅटरीखालची जागा, डिकीत स्टेपनीचा खड्डा, सगळीकडे गंज. समोरच्याला गाडी हात लावून बघता येत नाही. त्यामुळे जे दिसत नाही ते वाईटच असणार, असं धरूनच तो बोली लावतो. मीही तेच केलं असतं.

हे बाबांना सांगायची हिंमत होत नव्हती. त्यांची गाडी गंजलीय, हे जगाला दाखवायचं? दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. तिसऱ्या दिवशी पाहते तर स्वतःच टॉर्च घेऊन गाडीखाली. हातात लोहचुंबक. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी! "इथला काढ फोटो," खालून आवाज आला. "आणि इथलाही." दोषांची यादी त्यांनीच लिहिली, चांगली दीड पान. दुरुस्तीच्या बिलांची जुनी फाइलही निघाली. सकाळी थंड इंजिन सुरू होतानाचा व्हिडिओ टाकला. आरसीचं दर पाच वर्षांचं नूतनीकरण बाबांनी कधी चुकवलं नव्हतं, तेही लिहिलं.

मधेच एक 'फौजी' आला. गाडी न बघताच पसंत! म्हणे, क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील. बॉस, पैसे घ्यायला पिन लागत नाही. कटाप.

शेवटच्या रात्री आम्ही सगळे लॅपटॉपसमोर. या साइटवर शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की वेळ वाढतो. दोघे जण हट्टाला पेटले. आई दोनदा चहा करून आली तरी संपेना! राखीव किमतीच्या वर पंचवीस हजार गेले. घेणारे ठाण्याचे. त्यांच्या वडिलांची पद्मिनी टॅक्सी होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली, तेव्हापासून ते अशी गाडी शोधत होते. पैसे खात्यात आल्यावरच किल्ली दिली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. पुढचं आरटीओचं काम संपेपर्यंत मी पाठपुरावा केला, कारण नाव बदलेपर्यंत चलन तुमच्याच नावाने येतं!

मांडव्यापर्यंत गाडी बाबांनीच चालवली. रो-रोच्या रांगेत ते ठाणेकरांना सांगत होते, "चोक अर्धाच ओढा, पूर्ण ओढलात तर रुसते." बोट सुटली. आम्ही मिनीडोरने परत निघालो. चोंढी येईपर्यंत बाबा गप्प. मग ड्रायव्हरच्या दिशेने वाकून म्हणाले, "तुझा क्लच घसरतोय रे, बघून घे."