गाडी डीसी करायची आहे

सकाळी साडेनऊ

शटर वर गेलं की पहिलं काम बॅटरीला मीटर लावायचं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, किल्ली न फिरवता जो आकडा येतो तो खरा. नुकती चालून आलेली गाडी वरवरचा फुगीर आकडा दाखवते आणि गिऱ्हाईक म्हणतं, "बॅटरी ओके आहे की!" आजच्या बुलेटचा आकडा 12.3. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 ते 12.8 दाखवते. म्हणजे ही अर्धपोटी आहे.

गाडी 2004 ची, साडेतीनशे, बिडाच्या इंजिनाची. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे, सेल्फ नाही. 1956 पासून मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला जी बुलेट जुळायला लागली, त्याच घराण्यातली ही शेवटच्या काळातली. 2010 च्या सुमारास बिडाचं इंजिन बंद झालं. मालक जूनमध्ये मित्रांसोबत स्पितीला निघालेत. काल संध्याकाळी यादी देऊन गेले, "मामा, दोन फॉग लॅम्प, मोबाइलचा चार्जर, जमलं तर गरम ग्रिप. आणि गाडी डीसी करून टाका."

दहा

गाडीला हात लावायच्या आधी बल्बच्या खोक्यावर हिशोब. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अ‍ॅम्पियर, एवढं गणित पुरतं. इग्निशन कॉइलचे सरासरी 25 वॉट धरले. हेडलाइट साठ-पंचावन्नचा हॅलोजन, डिपरवर 55. टेललाइट 5, हेडलाइटच्या बाजूचे दोन छोटे टायगर लॅम्प मिळून 8. फॉग लॅम्प वीस-वीसचे, म्हणजे 40. चार्जर 12. झाले 145, आणि गरम ग्रिप अजून यातच नाहीत. या जुन्या ऑल्टरनेटरकडून गाडी वेगात असताना फार तर शंभर-सव्वाशे वॉट मिळणार. सिग्नलला उभी असताना त्याच्या निम्मेही नाहीत.

मालकांना फोन लावला. ग्रिप खोडल्या, हेडलाइटला 20 वॉटचा चांगला एलईडी ठरला. बेरीज 110. जेमतेम आहे, पण बसते.

त्यांनी विचारलंच, "मग मोठी बॅटरी टाकू या का?" हा प्रश्न दर आठवड्याला येतो. मोठी बॅटरी म्हणजे मोठी टाकी. भरणारा नळ तोच राहतो. आणि बुलेटला ठिणगीसुद्धा बॅटरीतूनच मिळते. आरएक्स हंड्रेडची बॅटरी मेली तरी ती किकवर सुरू होते, कारण तिच्या सीडीआयला मॅग्नेटची वेगळी कॉइल आहे. बुलेटमध्ये फॉग लॅम्पनी बॅटरी खाल्ली की घाटात गाडीच बंद पडणार.

साडेदहा

गाडी डीसी करायची म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. क्रँकवर लोहचुंबकाचा रोटर फिरतो, त्याच्याभोवती स्टेटरच्या कॉइल असतात. या गाडीच्या स्टेटरमधून चार वायरी बाहेर येतात. एक जोडी रेक्टिफायरमधून बॅटरीला जाते. दुसरी थेट हेडलाइटला, एसीच, मध्ये फक्त एक रेग्युलेटर. म्हणून स्लोला हेडलाइट मिणमिणतो आणि रेस दिली की उजळतो. एलईडी लावला तर सरळ लुकलुकतो. त्याहून वाईट म्हणजे दिवसा हेडलाइट बंद असताना ती दुसरी जोडी काहीच काम करत नाही. तयार होणारा करंट वाया जातो आणि शेजारी बॅटरी उपाशी राहते. डीसी करायची म्हणजे ही दुसरी जोडीही रेक्टिफायरमधून बॅटरीकडे वळवायची.

नवीन रेग्युलेटर बसवला की करंट वाढतो, असं बहुतेकांना वाटतं. वाढत नाही. चुंबक तोच, कॉइल त्याच. आपण फक्त वाया जाणारा करंट बॅटरीकडे वळवतो. "डबल चार्जिंग करून देतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे मी तरी गाडी लावणार नाही.

कपलर सुटा केला. दोन्ही जोड्यांचा बॉडीशी संबंध नाही ना, ते पाहिलं. नाही. गाडी सुरू करून एसी मोजला. रेस वाढेल तसा आकडा चढतो, दोन्हीकडे सारखा. कॉइल जिवंत आहेत. मात्र हँडल धरून वायर हलवली की एका जोडीचा आकडा थरथरतो. तेव्हाच कळलं की स्टेटर ज्यात बसतो ती चेनकेस आज उघडावी लागणार.

अकरा ते दीड

डावा फुटरेस्ट काढला, ब्रेकचं पेडल काढलं. चेनकेसचं अख्खं झाकण मधल्या एकाच मोठ्या नटावर असतं. खाली ट्रे सरकवला, नट सोडला, झाकण हलवलं आणि तेल आलं. काळंभोर. किती वर्षं बदललं नव्हतं कोण जाणे.

आत चेन, क्लच आणि पुढे क्रँकवर रोटर. चुंबकाला राखाडी चिखल चिकटलेला. हा क्लच आणि चेनचा झिजलेला लोखंडी चुरा. फडक्याने पुसून निघत नाही, एका जागेवरून दुसरीकडे सरकतो. त्यावर हाताखालचं पोरगं चिकटपट्टी दाबून दाबून उचलतं. कंटाळवाणं काम आहे, पण हा चुरा रोटर आणि स्टेटरच्या फटीत गेला तर कॉइलचं वार्निश खरवडतो.

फट हा या इंजिनातला नाजूक भाग. रोटर आणि स्टेटरमध्ये सगळीकडून सारखं, साधारण 0.2 मिलिमीटर अंतर हवं. पोलादी फीलर गेज इथे कामाचं नाही, चुंबक ओढून धरतो. पितळी गेज घ्यावं किंवा जाड कागदाच्या पट्ट्या कापाव्यात. माझ्याकडे एका लग्नपत्रिकेच्या पट्ट्या आहेत, जाडी मापून ठेवलेली. वरच्या बाजूला पट्टी सहज फिरली. खाली शिरेचना. दिवा धरून पाहिलं तर स्टेटरच्या पत्र्यांवर चकचकीत ओरखडा. रोटर घासत होता. पूर्वी कुणीतरी चेनकेस उघडून स्टेटरचे नट नुसते आवळून टाकलेले.

तीन स्टडचे नट ढिले केले, चार बाजूंना चार पट्ट्या घातल्या, स्टेटर बसेल तसा बसू दिला. मग नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. पट्ट्या ओढून काढल्या, क्रँक फिरवून पुन्हा सगळीकडून तपासलं. नवीन रेग्युलेटरला लोक पैसे देतात, या अर्ध्या तासाला द्यायला कुरकुरतात.

थरथरीचं कारण वायर बाहेर पडते तिथे सापडलं. रबरी ग्रोमेट दगडासारखं झालेलं. त्याच्या आत वायरीचं प्लास्टिक तेलाने आणि उष्णतेने तडकलेलं. वाकवलं की तुकडे पडतात, आतली तार हिरवी. चारही वायरी कॉइलजवळ कापल्या. उष्णता सोसणाऱ्या नवीन वायरीला सोल्डरचा डाग दिला, वर फायबरची स्लीव्ह चढवली, नवीन ग्रोमेट. वायर चेनला लागणार नाही अशी बांधली.

मध्येच फूड डिलिव्हरीवाला पोरगा आला. त्याच्या स्प्लेंडरचा फोन चार्जर हॉर्नच्या वायरवर जोडलेला. हॉर्न दाबला की फोनचं चार्जिंग तुटतं. दोन मिनिटांत वेगळा फ्यूज टाकून दिला. त्याचा दिवस फोनवरच चालतो.

दुपार

डबा खाऊन माल आणायला नाना पेठेत. सिंगल फेजचा फुल वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायर, दोन रिले, फ्यूज होल्डर, थिंबल. रेग्युलेटर हातात घेऊन वजन बघतो. पंखे पातळ आणि आत राळ कमी असेल तो परत ठेवतो, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

तीन

चार वायरींच्या दोन करायच्या. इथे रंगावर विसंबू नये, मीटरवर विसंबावं. दोन जोड्यांचं एकेक टोक एकत्र केलं, गाडी सुरू केली, उरलेल्या दोन टोकांमध्ये एसी मोजला. दुप्पट आला म्हणजे उलटी टोकं जुळली. एक जोडी फिरवली, आकडा शून्याजवळ. आता उरलेली टोकंही जोडायला हरकत नाही. शून्याजवळ येतच नसेल तर जोडू नये. दोन जोड्यांना दोन रेक्टिफायर द्यावेत आणि पुढे डीसीकडे एकत्र आणावं.

रेग्युलेटर वाऱ्यावर, फ्रेमच्या पत्र्याला घट्ट. तो जास्तीचा करंट उष्णतेत घालवतो, सीटखाली कोंडला तर मरतो.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून चार बोटांवर फ्यूज. दूर बसवला तर मधली वायर बिनफ्यूजची राहते, आणि ती पत्र्याला घासली की गाडी पेटू शकते. रिलेच्या 30 ला फ्यूजमधून बॅटरी, 87 ला दिवा, 86 ला स्विच, 85 ला अर्थ. फॉग लॅम्पच्या स्विचला किल्लीनंतरची वायर दिली, म्हणजे किल्ली काढली की दिवे बंद. हेडलाइटलाही रिले, कारण जुना स्विच आणि बारीक वायर मिळून एक व्होल्टहून जास्त खात होते. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. निम्म्या लोकांना फॉग लॅम्पची गरजच नसते, रिले आणि चांगला अर्थ मिळाला तरी रस्ता दिसायला लागतो. अर्थसाठी फ्रेमचा रंग चकचकीत पत्र्यापर्यंत खरवडला आणि बॅटरीच्या निगेटिव्हवरून वेगळी वायर पुढे नेली.

आता अ‍ॅमीटर. बुलेटवाल्यांचा त्यावर फार जीव. पण फॉग लॅम्पची वायर सरळ बॅटरीच्या टोकावर घेतल्यावर तो काटा फसवतो. ऑल्टरनेटरकडून दिव्यांना जाणारा करंटही अ‍ॅमीटरमधून बॅटरीकडेच जातो, म्हणून काटा चार्जिंग दाखवतो आणि बॅटरी मात्र रिकामी होत असते. अ‍ॅमीटर शोभेला ठेवला, शेजारी छोटा डिजिटल व्होल्टमीटर लावला.

साडेपाच

झाकणाच्या खोबणीत नवीन रबर, पातळीच्या स्क्रूपर्यंत नवीन तेल. किक. स्लोला, दिवे बंद, 13.2. मध्यम रेसला 14.1. तिथेच हेडलाइट आणि फॉग लावले, 13.6. पुन्हा स्लोला आणलं तर सगळे दिवे चालू असताना 12.3 पर्यंत घसरतं. अपेक्षितच होतं. पंधरा मिनिटं चालवून रेग्युलेटरला हात लावला. गरम, पण हात ठेवता येतो. रेसला आकडा 14.5 च्या वर जात नाही हेही पाहिलं. पंधराच्या पुढे गेला तर बॅटरीचं पाणी उकळतं.

साडेसात

अंधार पडल्यावर समोरच्या भिंतीवर फॉग लॅम्पचा झोत खाली घेतला. समोरच्याचे डोळे दिपवून आपल्याला जास्त दिसत नाही.

मालक आले, चक्कर मारून आले, खूश. त्यांना एवढंच सांगितलं की व्होल्टमीटर 13 च्या खाली राहिला तर फॉग बंद करा, सिग्नलला तर करायचेच. दोन-तीनशे किलोमीटरनंतर थिंबल आणि चेनकेसची गळती दाखवून जा. बिलात माल कमी, मजुरी जास्त. त्यांनी ओरखडा पडलेल्या स्टेटरचा फोटो पाहिला होता, त्यामुळे घासाघीस झाली नाही.

"मामा, एक एअर हॉर्न चालेल का?"

त्याचा कंप्रेसर किती अ‍ॅम्पियर खातो ते खोक्यावर वाचून या म्हटलं, मग बोलू. उद्या दहाला एक थंडरबर्ड येणार आहे, तिचीही तक्रार चार्जिंगचीच.