भुकेली अळी आणि कुंडीतला कढीपत्ता : घरच्या घरी करायचे उपक्रम



लहान मुलांना घरी काय आणि कसं शिकवायचं, असं पालक नेहमी विचारतात. बरेच जण प्राण्यांचा तक्ता आणतात आणि एका दिवसात वीस नावं पाठ करून घेतात. मुलं नावं घडाघडा म्हणतात, पण प्राण्याशी ओळख काही होत नाही. म्हणून माझं सांगणं असतं, एकच पुस्तक घ्या आणि एकच प्राणी घ्या. 4 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी असंच एक नियोजन पाहू.

पुस्तक : एरिक कार्ल यांचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ (1969). यातली अळी सोमवारी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन नाशपती, असं करत शुक्रवारी पाच संत्री. शनिवारी नको ते सगळं खाऊन तिचं पोट दुखतं. रविवारी हिरवं पान खाल्ल्यावर बरं वाटतं आणि शेवटी तिचं फुलपाखरू होतं. अळीने जिथे खाल्लं तिथे पानाला खरोखरचं भोक आहे. मुलं आधी त्यातच बोट घालतात, घालू द्या. चित्रं दाखवत गोष्ट आपल्या बोलीत सांगा.

पहिले दोन-तीन दिवस :

1. भाषा – वारांची नावं क्रमाने. “आपली अळी सोमवारी काय खाईल?” असं विचारा. पेरू, चिकू, बोरं, मुलं जे सांगतील ते लिहून घ्या.
2. गणित – रोजच्या फळांइतके चिंचोके मांडा. शुक्रवारपर्यंत किती झाले? 1+2+3+4+5 म्हणजे 15. मुलांनी मोजूनच सांगायचं.
3. हस्तकला – पाठकोऱ्या कागदांना भोकं पाडून मुलांचं स्वतःचं पुस्तक.

आता मुख्य उपक्रम, खरी अळी.

कढीपत्त्याची किंवा लिंबाची पानं नीट पाहा. पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा ठिपका दिसला तर ती फुलपाखराची लहान अळी असू शकते. मोठी झाली की ती हिरवी होते. पानासकट काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला जाळीदार कापड बांधा. रोज ताजी पानं द्या, विष्ठा काढा आणि एक काडी तिरकी ठेवा. केसाळ सुरवंटाला मात्र हात लावू देऊ नका, अंगाला खाज सुटते.

अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन-चार आठवडे लागतात. मुलाने रोज एक चित्र काढायचं आणि खाली तारीख टाकायची. एवढीच नोंद पुरे.

इथे गंमत सुरू होते. माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, “बाई, पुस्तक चुकलं! ही सफरचंद खातच नाही.” त्याने तुकडा बरणीत ठेवून पाहिला होता. दुसरा फरक कोषाचा. पुस्तकातली अळी स्वतःभोवती घर बांधते. आपली अळी एका धाग्याने काडीला टेकून राहते, शेवटची कात टाकते आणि आतून कोषच दिसतो. धाग्याचं घर विणतो तो रेशीमकिडा, आणि तो पतंग. मुलांना “पुस्तकात काय आणि बरणीत काय?” एवढंच विचारा. उत्तर लगेच सांगू नका.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. गेल्या वर्षी आमच्या दोन कोषांपैकी एकातून काहीच बाहेर आलं नाही. तो गुपचूप टाकून द्यावा असं मला वाटलं होतं. पण मुलं रोज मोजत होती, लपवणार कसं? मी खरं सांगितलं, सगळ्याच अळ्या मोठ्या होत नाहीत. थोडा वेळ सगळी गप्प होती. मग मुलांनीच तो कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरला. दुसऱ्या कोषातून फुलपाखरू आलं तेव्हा पंख वाळेपर्यंत कुणी हात लावला नाही. त्यांना थांबायला सांगावं लागलं नाही.

फुलपाखरू त्याच दिवशी मोकळं सोडा. 2015 मध्ये महाराष्ट्राने ‘ब्लू मॉरमॉन’ हे राज्य फुलपाखरू जाहीर केलं. त्याच्या अळ्याही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतात, हेही मुलांना जरूर सांगा.

यापुढे कढीपत्ता निवडताना अळी दिसली, तर फेकण्याआधी मुलांना एक हाक मारा.